मुलगी स्वतःला इजा करून घेते. तिच्या आईबापांना शेजारच्यांनी नेमकी काय मदत करायची?

जिरावन (धागाकर्ती)
ओळखीतलं घर आहे. मुलगी दहावीत. गेले काही महिने स्वतःला इजा करून घेते आहे. उपचार सुरू झालेत, तेव्हा 'आधी डॉक्टरकडे न्या' हे कृपया लिहू नका. प्रश्न तिच्या आईबापांचा आहे. दोघंही नोकरीवाले, दोघांच्या डोळ्यांखाली काळं, आणि जिन्यात विचारलं की 'सगळं ठीक' म्हणून दार लोटून घेतात. आम्ही चार-पाच घरं हवी ती मदत करायला तयार आहोत, पण आजवरची मदत म्हणजे फक्त सल्ले. काय करावं, काय बोलू नये, आणि रात्री-बेरात्री काही झालं तर कुठे फोन करायचा? जाणकारांनी सविस्तर लिहा.
(संपादन: कॉलनीचं नाव काढलं.)

राजवाडा_रिटर्न
बरं केलंत काढलंत. इंदूरच्या मराठी मंडळींत गल्लीचं नाव कळलं की दोन फोनांत घर सापडतं, आणि तिसऱ्या फोनात पत्रिका.

पट्टीवाली_सिस्टर
रात्रीचं आधी सांगते, कारण ते शोधत बसायला वेळ नसतो. जिवाला धोका वाटला तर १०८ किंवा ११२. धोका तातडीचा नसेल पण घरात कुणाला काही सुचत नसेल तर टेली-मानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६. चोवीस तास चालू, फुकट, हिंदी आणि मराठीतही बोलतात. हा नंबर मुलीपुरता नाही, रात्री दोन वाजता रडणाऱ्या बापानेही लावायचा आहे. मुलांसाठी १०९८ वेगळा. हे नंबर फ्रिजवर चिकटवू नका, मुलीला रोज तोंडावर मारल्यासारखं वाटतं. आईबापांच्या आणि तुम्हा शेजाऱ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करा.

इजा झालीच तर: आवाज खाली, चेहरा साधा. स्वच्छ कापड १० मिनिटं सलग दाबून धरायचं, दर मिनिटाला उचलून 'थांबलं का' बघायचं नाही, त्यानेच थांबत नाही. नंतर वाहत्या पाण्याने धुणं, कोरडी पट्टी. हळद, टूथपेस्ट, कॉफी काही भरायचं नाही. रक्त थांबत नसेल, कडा उघड्या राहत असतील, बोटं बधिर वाटत असतील किंवा हलत नसतील तर घरी खेळत बसू नका, कॅज्युअल्टी. धनुर्वाताचे डोस पूर्ण असले तरी शेवटचा कधी झाला ते बघा. स्वच्छ, लहान जखमेला १० वर्षं चालतात, मळलेल्या किंवा खोल जखमेला ५.

आणि औषध, गोळी, घरातलं कुठलंही रसायन पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी 'बरी दिसते आहे, सकाळी बघू' करायचं नाही. काही औषधांत पहिला दिवस माणूस ठणठणीत दिसतो आणि नुकसान आत चालू असतं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. रिकामी पाकिटं, बाटल्या पिशवीत भरून बरोबर न्यायच्या.

आप्पा_स्नेहलतागंज
नंबर, पट्ट्या, सगळं ठीक. पण मूळ कारण कुणी बोलणार का? मोबाइल आणि लाड. आमच्या वेळी दोन ठेवून दिल्या की विषय संपत असे.

खडू_फळा
आप्पा, तुमच्या वेळी विषय संपत नसे, तुमच्या कानापर्यंत येणं संपत असे.

मनमोकळे
आप्पांचा प्रतिसाद उडवून लावू नका. त्या आईबापांना हेच वाक्य दिवसातून तीनदा ऐकू येत असणार, तेव्हा उत्तर नीट द्यायला हवं.

बहुतेक मुलं हे मरण्यासाठी करत नाहीत. मनातली घुसमट सहन होत नाही, त्या क्षणी काही मिनिटं सुटका मिळते, म्हणून पुन्हा होतं. ही सुटका खरी असते, म्हणूनच सवय चिवट. 'लक्ष वेधायला करते' म्हणावं तर बहुतेक मुलं लपवतात. एप्रिलच्या उन्हात पूर्ण बाह्या कोण हौसेने घालतं? मार दिला की घुसमट वाढते, आणि पुढच्या वेळी लपवणं जास्त हुशारीचं होतं. एवढाच फरक पडतो.

पण 'मरायचं नसतं' म्हणून निर्धास्तही राहायचं नाही. असं करणाऱ्या मुलांत पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका वाढलेला असतो. म्हणून आईबापांनी सरळ, शांतपणे विचारावं: 'जीव द्यावा असं मनात येतं का?' विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट मुलाला कळतं की हा विषय या घरात बोलता येतो. उत्तर 'हो' आलं तर पुढचा प्रश्न, 'कसं करायचं ते ठरवलंयस का?' त्यालाही 'हो' आलं तर त्या क्षणापासून मूल एकटं राहणार नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर.

राजवाडा_रिटर्न
हे विचारायचं कसं पण? आमच्याकडे 'जेवलास का' पलीकडे बापाचं वाक्य जात नाही.

मनमोकळे
समोरासमोर बसून नाही. गाडीवर, भाजी निवडताना, रात्री फिरताना, म्हणजे डोळ्यांत डोळे नसताना. 'खूप जड झालं होतं का तेव्हा?' इथून सुरुवात. मग गप्प. ती गप्प बसली तर 'बोलायचं नसेल तरी मी बसतो इथे' आणि खरंच १०-१५ मिनिटं बसायचं, फोन न बघता. 'तुला काय कमी आहे', 'आमची काय इज्जत राहिली', 'एवढ्याशा मार्कांसाठी?' ही तीन वाक्यं गोठ्यात बांधून ठेवा.

औषधाची_पावती
घरातली व्यवस्था मी सांगतो. आवेग लाटेसारखा येतो आणि बऱ्याचदा काही मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत ओसरतो. त्या वेळात हाताशी काही नसणं हाच अर्धा उपचार.

पत्र्याची किंवा स्टीलची कुलपाची पेटी आणा. नंबरचं कुलूप असेल तर नंबर वाढदिवस, लग्नाची तारीख, गाडीचा क्रमांक नको, मुलांना सगळं पाठ असतं. तिच्यात फक्त मुलीची औषधं नाहीत. आजीची बीपीची, साखरेची, झोपेची, इन्सुलिन, तापाच्या उरलेल्या पट्ट्या, सगळं. लोक मुलीच्या गोळ्या कुलपात ठेवतात आणि आजीचा डबा देव्हाऱ्याशेजारी तसाच. साठा ७ दिवसांचाच घ्या. दुकानदार महिन्याचं घ्या म्हणून मागे लागतो, त्याला चिठ्ठीवर डॉक्टरांकडून 'साप्ताहिक' लिहून आणा. रोजचा डोस मोठ्यांच्या हातून, पाणी पिऊन होईपर्यंत समोर. जुन्या, मुदत संपलेल्या गोळ्या आजच काढून टाका.

दुसरं, जे हमखास राहतं: सुट्टीचं गाव. मामाकडे, काकांकडे माळव्यात सोयाबीनच्या फवारणीचं औषध पडवीत उघडं असतं. मूल पाठवण्याआधी फोन करून ते कोठीत, कुलपात, आणि किल्ली कमरेला. 'कशाला?' विचारलं तर 'डॉक्टरांनी सांगितलंय' एवढंच. इंदुरात डॉक्टरांचं नाव घेतलं की प्रश्न अर्धे होतात.

न्हाणीघराची आतली कडी काढून बाहेरून नाण्याने उघडता येणारी बसवून घ्या. सुतार अर्ध्या तासात करतो. पण मुलीला आधी सांगून. 'दार ठोठावेन, तू उत्तर दे, दिलंस तर उघडणार नाही,' हा करार.

काळा_कोट
पोलिसांच्या भीतीने लोक इस्पितळात उशिरा जातात, म्हणून एवढं लिहितो. रुग्णालय एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) करील, तो त्यांचा नियम आहे, त्यावरून कॅज्युअल्टीत भांडू नका. पण मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चं कलम ११५ म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरायचं आणि तिच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नाही. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतल्या ३०९ सारखं, म्हणजे आत्महत्येच्या प्रयत्नालाच गुन्हा ठरवणारं, कलमच नाही. कलम २२६ आहे, ते सरकारी नोकराला त्याच्या कामापासून अडवण्यासाठी केलेल्या प्रयत्नाबद्दल. घरातल्या दहावीच्या मुलीशी त्याचा संबंध नाही.

'पोलीस केस आहे, आधी तिकडे जा' असं सांगून कुणी परत पाठवू शकत नाही. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे: आधी जीव, मग कागद.

दाखल करावं लागलं तर: अल्पवयीन मुलांसाठी कलम ८७. पालक अर्ज करतात, मुलाला मोठ्यांच्या वॉर्डापासून वेगळं ठेवायचं असतं, आणि पालकांपैकी किंवा त्यांनी नेमलेलं कुणीतरी पूर्ण वेळ बरोबर राहायचं असतं. शेजाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. दाखल झाली तर आईबापांपैकी एकजण घरातून आठवडाभर बाद. धाकटं भावंड असेल तर त्याचं काय, हे आजच ठरवा.

विमा: याच कायद्याचं कलम २१(४). शारीरिक आजाराला जसा विमा देता तसाच मानसिकला द्या, असं विमा कंपन्यांना बंधन आहे. पण ओपीडीचा खर्च बहुतेक पॉलिसीत येत नाही, आणि स्वतःहून केलेल्या इजेबद्दल वगळणुकीचं कलम असू शकतं. पॉलिसीची बारीक अक्षरं आत्ता वाचा, कॅज्युअल्टीच्या खुर्चीवर नको.

भंवरकुआँ_पलटण
कोचिंगचं काय? तिथे फी भरली की मूल त्यांचं, अशी समजूत आहे.

काळा_कोट
जुलै २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांप्रमाणे १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत, कोचिंगसकट, किमान एक पात्र समुपदेशक हवा. लेखी अर्ज करून नाव आणि भेटीची वेळ मागा. मार्कांप्रमाणे बॅचा लावणं, सगळ्यांसमोर अपमान, हेही टाळायला सांगितलंय. आणि जानेवारी २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊच नये असं आहे. दहावीतली मुलगी बहुधा पंधराची. बघा काय ते.

खडू_फळा
शाळेचा भाग. आईबापांनी शाळेत सगळं सांगायची गरज नाही, पण एका माणसाला सांगावं. वर्गशिक्षक किंवा समुपदेशक, मुख्याध्यापकांच्या केबिनमधला दरबार नको. कागदावर तीन गोष्टी मागा: वर्गातून न विचारता पाच मिनिटं बाहेर जायची मुभा आणि बसायची ठरलेली जागा, पीटीच्या तासाला पूर्ण बाह्यांची परवानगी, आणि काही झालं तर पहिला फोन कुणाला. दप्तर सगळ्यांसमोर तपासणं नको. मैत्रिणींनी 'ताई, तिने असं केलंय' येऊन सांगितलं तर त्या मैत्रिणीला चहाडखोर ठरवायचं नाही, उलट तिच्या घरीही निरोप द्यायचा, तीही हादरलेली असते.

कारण लैंगिक अत्याचाराचं निघालं तर ते गुपित राहू शकत नाही. पॉक्सो, २०१२, कलम १९. ज्याला कळलं त्याने कळवायचंच.

आप्पा_स्नेहलतागंज
माझा प्रश्न तसाच राहिला. मोबाइल काढून घ्यायचा की नाही?

मनमोकळे
एकदम नाही, आप्पा. बऱ्याच मुलांचा रात्री अकराला बोलायचा एकमेव माणूस त्या फोनमध्ये असतो. तो तोडला तर मूल जास्त एकटं पडतं. रात्री साडेदहानंतर सगळ्या घराचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला. सगळ्या घराचे, बापाचाही. मुलीला मैत्रिणीशी बोलायचंच असेल तर हॉलमधल्या सोफ्यावरून. इजेची चित्रं, 'कसं लपवायचं' असल्या ग्रुपमधून बाहेर पडणं, हे तिच्याबरोबर बसून. पासवर्ड चोरून वाचलंत तर एकदाच वाचता येतं, दुसऱ्यांदा फोन बदललेला असतो.

ग्वाल्हेरकर
आईबाप असहमत असतील तर? एक 'लाडाने' आणि एक 'धाकाने', हा बहुतेक घरांतला नमुना. माझ्या मते हेच सगळ्यात जास्त बिघडवतं.

मनमोकळे
शंभर टक्के. म्हणून किशोरवयीनांच्या डीबीटीमध्ये आईबापांनाही वर्गात बसवतात.

राजवाडा_रिटर्न
डीबीटी म्हणजे लाडली बहनाचे पैसे खात्यात येतात ते ना?

मनमोकळे
हसले. नाही, डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. मार्शा लिनेहन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बसवलेली उपचारपद्धती, १९९३ मध्ये त्यांचं मूळ पाठ्यपुस्तक आलं. मुलांसाठीच्या रूपात साधारण १६ ते २४ आठवडे, आठवड्याला एक वैयक्तिक भेट आणि एक कौशल्यांचा वर्ग, त्यात पालक मुलाच्या शेजारी बसतात. पूर्ण डीबीटी करणारी टीम आपल्याकडे मिळणं अवघड, पण तिच्यातल्या गोष्टी शिकवणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळतात. आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक विचारा, विचारायला लाजू नका. ते औषध लिहून देत नाहीत, ते मानसोपचारतज्ज्ञाचं काम. दोघं एकमेकांशी बोलतात का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

तिथून उचलण्यासारखं, घरी करता येण्यासारखं:

लाट चढली की बुद्धीशी बोलून उपयोग नाही, शरीराशी बोला. गार पाण्याचे हबके चेहऱ्यावर किंवा ओला गार रुमाल डोळ्यांवर-गालांवर ३० सेकंद (हृदयाचा त्रास किंवा खाण्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून). नाहीतर जिना चार वेळा चढ-उतर. नाहीतर श्वास: ४ मोजत आत, ६ मोजत बाहेर, पाच मिनिटं. हे शांत असताना दहा-बारा वेळा करून ठेवायचं. आग लागल्यावर बंबाची पुस्तिका वाचत नाहीत. इंटरनेटवर 'त्याऐवजी हे दुखवा' असल्या युक्त्या फिरतात, त्या नकोत. दुखवून सुटका हीच गाठ त्यातून घट्ट होते.

दुसऱ्या दिवशी किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच रात्री नाही, साखळी मांडायची: झोप किती झाली होती, जेवण, कुणाशी भांडण, कुठला मेसेज, मनात काय आलं, मग काय झालं, आणि झाल्यावर घरात काय झालं. हा शेवटचा दुवा आईबापांसाठी. इजा झाल्यावरच सगळं घर भोवती गोळा होत असेल, बाबा ऑफिसातून लवकर येत असतील, भांडण थांबत असेल, तर नकळत इजेलाच बक्षीस मिळतं. उपाय दुर्लक्ष हा नाही. उपाय म्हणजे तेच लक्ष साध्या दिवशी: रोज २० मिनिटं, मार्क आणि आजार सोडून कुठल्याही विषयावर. आणि इजेनंतर मलमपट्टी मायेने पण थोडक्यात.

एक घोटाळा होतो. डीबीटीत इजा झाल्यानंतर २४ तास थेरपिस्ट फोनवर कोचिंग देत नाही असा नियम असतो. तो थेरपिस्टचा नियम आहे. काही पालक कुठेतरी वाचून '२४ तास बोलायचं नाही' असं घरी लावतात. ते करू नका.

पट्टीवाली_सिस्टर
औषधाबद्दल एक पुरवणी. नैराश्याच्या गोळ्यांवर अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २००४ मध्ये चौकटीतली सूचना छापायला लावली, की मुलांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. याचा अर्थ गोळी देऊ नका असा नाही. अर्थ एवढाच, की पहिले काही आठवडे आणि डोस बदलल्यावर नजर जास्त ठेवा: अचानक बेचैनी, झोप उडणं, चिडचिड. दिसलं तर डॉक्टरांना फोन, स्वतः बंद करायची नाही. परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून गोळी सोडणारे फार.

इस्पितळातून घरी आल्यानंतरचे पहिले दिवस सगळ्यात नाजूक. डिस्चार्जच्या कागदावर पुढची तारीख ७ दिवसांच्या आतली नसेल तर तिथेच उभं राहून लिहून घ्या.

मधली_सुटी
नातेवाइकांनी 'शनीची शांत करा, नजर लागलीय' सुरू केलं असेल तर?

औषधाची_पावती
करायची तर करा, अपॉइंटमेंट चुकवून नाही. मुलीसमोर 'दोष' हा शब्द काढायचा नाही. अंगारा लावा, पण जखमेवर नको. भगताने औषध बंद करायला सांगितलं की त्याच पावली परत.

ग्वाल्हेरकर
आणि 'आरोग्यशाळेत नेलं', म्हणजे मनोरुग्णालयात, ही आमच्याकडची दहशत, तुमच्याकडे बाणगंगाचं मनोरुग्णालय. नावच शिवीसारखं झालंय. ज्यांना तिथली पायरी चढवत नाही त्यांना निदान एमवाय रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीचा किंवा जिल्हा रुग्णालयातल्या मनकक्षाचा (मानसिक आरोग्य कक्षाचा) रस्ता दाखवा. फी कमी म्हणून उपचार हलका नसतो.

आप्पा_स्नेहलतागंज
मुलीकडून देवासमोर शपथ घ्यायला लावली तर? पुन्हा करणार नाही अशी.

मनमोकळे
नको, आप्पा. शपथ मोडली की अपराध दुप्पट, आणि पुढच्या वेळी सांगणार कुणाला? शपथेऐवजी कागद करा, स्टॅनली आणि ब्राउन यांच्या पद्धतीचा सेफ्टी प्लॅन, सहा भागांचा. माझ्या मनात काय सुरू झालं की धोका ओळखायचा. मी एकटी काय करू शकते. कुठल्या माणसांत किंवा जागी गेले की मन दुसरीकडे जातं. मदत कुणाकडे मागायची. डॉक्टर आणि हेल्पलाइन. घरातलं काय बंद करून ठेवायचं. मुलीच्या अक्षरात, मुलीच्या शब्दांत. 'सकारात्मक विचार करणे' असलं काही लिहिलेलं दिसलं की समजा आईने लिहिलंय. 'कुत्र्याला घेऊन टाकीवर जाणे' असलं असेल तर ते चालतं.

राजवाडा_रिटर्न
टाकीवर नको हो, गच्चीला कुलूप लावा. 'बागेत' करा.

मनमोकळे
बरोबर. चूक माझी. गच्चीचं कुलूप आणि वॉचमनला निरोप, दोन्ही यादीत घ्या.

बडोद्याची_मावशी
एवढा सगळा वेळ मुलीवर गेला. धागा आईबापांचा आहे ना? जिरावन बिचारी शांत बसलीय.

मी साधं सांगते. 'काही लागलं तर सांगा' हे वाक्य बंद. ते काही सांगत नाहीत, सांगण्याइतकी शक्ती नसते. तुम्ही काम ठरवून, वार ठरवून सांगा. 'मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळचा डबा माझ्याकडून, साडेसातला दारात ठेवते, घंटी वाजवणार नाही.' इंदुरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं ना? त्या सकाळी मोटर लावून टाकी भरायचं काम एकाने घ्या. ऐकायला क्षुल्लक वाटतं. रात्रभर जागलेल्या बाईला पहाटे पाण्यासाठी उठावं लागणं काय असतं ते विचारा. वीजबिल, धाकट्याला क्लासला नेणं-आणणं, आजीचा दवाखाना.

धाकट्याकडे बघा. त्याला दिवसाला २० मिनिटं कुणीतरी फक्त त्याचं माणूस हवं. 'ताईकडे लक्ष ठेव' हे काम नऊ वर्षांच्या मुलाला देऊ नये.

झोप: इस्पितळातून आल्यावरच्या आठवड्यात आईबापांनी रात्र वाटून घ्यावी, ११ ते ३ आणि ३ ते ७. दोघंही रात्रभर जागले तर चौथ्या दिवशी दोघंही कोसळतात आणि एकमेकांवर ओरडतात. दुपारी दोन तास शेजारच्या बाईने हॉलमध्ये मटार सोलत बसावं. पहारेकरी म्हणून नाही, घरात माणूस आहे म्हणून. आईने त्या वेळात झोपावं, फरशी पुसू नये.

खडू_फळा
मावशींना अनुमोदन. पाहुण्यांसाठी एक वाक्य घरात ठरवून टाका आणि सगळ्यांनी तेच बोला: 'तिची तब्येत बरी नाही, उपचार चालू आहेत, सांगण्यासारखं झालं की आम्हीच सांगू.' आजी एक, काका दुसरं, आई तिसरं बोलली की चौथी गोष्ट पाहुणे तयार करतात. फोन घ्यायला एक माणूस नेमा, मामा-मावशी कुणीही. सगळ्या नातेवाइकांना तोच उत्तर देणार.

ग्वाल्हेरकर
आईबापांना 'तुमचं काय चुकलं' विचारू नये हे खरं, पण 'तुमचं काहीच चुकलं नाही' हेही म्हणू नये. ते खोटं वाटतं. रात्री दोनला त्यांच्याकडे चुकांची पन्नास कलमी यादी तयार असते. त्यापेक्षा 'आज जेवलात का? गाडीची किल्ली द्या, पंक्चर काढून आणतो.'

आप्पा_स्नेहलतागंज
पंक्चरचं मला जमेल.

जिरावन (धागाकर्ती)
गप्प नव्हते, लिहून घेत होते. रात्री चार घरांनी बसून ठरवलं: डबा मंगळवार-गुरुवार आमचा, शनिवार समोरच्यांचा. पाण्याची मोटर तिसऱ्या मजल्यावरचे. धाकट्याला क्रिकेटच्या कोचिंगला नेणं खालच्या काकांकडे. कुलपाची पेटी मी आणून दिली, नंबर मला सांगू नका म्हटलं. गच्चीचं कुलूप सोसायटीने 'चोऱ्या वाढल्यात' म्हणून लावलं, कारण कुणाला कळलं नाही. रात्री फोन आला तर कुणाची गाडी निघणार तेही ठरलं. एक शंका राहिली, डब्यात काय द्यावं?

बडोद्याची_मावशी
एका हाताने, उभ्याने खाता येईल असं. थालीपीठ, पराठा, दहीभात. रस्सा नको. डबा स्टीलचा, आणि परत मागू नका. धुऊन परत द्यायचं आणखी एक काम त्यांच्या डोक्यावर कशाला.

राजवाडा_रिटर्न
सकाळी पोहे देऊ नका. गार पोहे म्हणजे इंदूरकराला शिक्षा.

मनमोकळे
आणि डब्यावर मुलीच्या नावाची चिठ्ठी नको. डबा आईबापांचा आहे.